बिनीवरचे कलावंत

चित्रकला, रंगभूमी, संगीत आणि काव्य यांच्या आधुनिक इतिहासात जो शब्द पदोपदी भेटतो, आणि रूढ संकेत मोडून काही अपूर्व करू पाहणाऱ्या कलावंताच्या नावाला जो एखाद्या किताबासारखा जोडला जातो, तो ‘अवाँ-गार्द’ हा फ्रेंच शब्द मुळात कलेच्या प्रांतातला नाही. तो लष्कराच्या दप्तरातून आलेला आहे, आणि आपल्या मूळ पेशाचे संस्कार त्याने अद्याप टाकलेले नाहीत. ‘अवाँ’ म्हणजे पुढे किंवा आधी, आणि ‘गार्द’ म्हणजे पहारा अथवा रक्षक दल. यांपैकी पहिला घटक लॅटिनमधून उतरलेला आहे, तर दुसरा फ्रँक नावाच्या जर्मन वंशाच्या टोळ्यांनी त्या भूमीत वस्ती करताना आपल्याबरोबर आणलेला आहे. आणि मध्ययुगापासून हे दोघे एकाच शब्दात सुखाने नांदत आहेत. इंग्रजांनी हाच शब्द उचलून, त्याचा आरंभ छाटून, त्याचे ‘व्हॅनगार्ड’ केले.

मराठी वाचकाला हा अर्थ उमजण्यास फारसे सायास पडू नयेत. पेशवाईतल्या फौजेत मुख्य सैन्याच्या पुढे कूच करणाऱ्या तुकडीला बिनी म्हणत, तिचे आधिपत्य ज्यांच्याकडे असे ते बिनीवाले, आणि उत्तर हिंदुस्थानच्या मोहिमेत नाव मिळविलेल्या विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्यामुळे ते आडनाव इतिहासाच्या सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ‘बिनीचा शिलेदार’ असे आपण आजही एखाद्या अग्रणी पुरुषास म्हणतो, ते त्या फौजा आणि ती संस्थाने लयाला गेल्यावरही. या बिनीचे काम काय असे? मुलूख पाहून ठेवावा, नदीचे उतार आणि पूल हस्तगत करावेत, शत्रूची चाहूल घ्यावी, आणि तो अवचित समोर ठाकलाच तर मागची फौज रणांगणावर मांडली जाईपर्यंत त्याला थोपवून धरावे. 1800 साली नेपोलियनने आल्प्स ओलांडून इटलीत प्रवेश केला तेव्हा सेनापती लान याच्या हाताखालील अशीच एक अवाँ-गार्द ग्रँड सेंट बर्नार्डच्या घाटातून सर्वांच्या आधी उतरली होती.

या वर्णनातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारा प्रपंच तिच्याभोवती फिरणारा आहे. बिनी ही स्वयंभू नसते. तिच्या मागे मुख्य फौज असावी लागते, जी आज ना उद्या त्याच वाटेने येणार असते. आणि त्या दोहोंच्या वर एक सेनापती असावा लागतो, ज्याच्या हुकुमाने बिनीने कोणत्या दिशेस जावे हे ठरते. मागे फौज नसलेली आणि वर सेनापती नसलेली जी तुकडी शत्रूच्या मुलखात एकटी भटकते तिला लष्करी भाषेत अवाँ-गार्द म्हणत नाहीत. तिला वाट चुकलेली तुकडी म्हणतात. कलेने हा शब्द आपल्या घरात घेतला तेव्हा ही फौज कोणती आणि हा सेनापती कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे तिने निश्चित केली नाहीत, आणि ज्या ज्या वेळी कोणी ती निश्चित करण्याचा आग्रह धरला त्या त्या वेळी अनर्थ झाला, असे मला वाटते.

वाङ्मयाच्या संदर्भात या शब्दाचा उपयोग सोळाव्या शतकातच झालेला आढळतो. एत्येन पास्किए हा फ्रेंच कायदेपंडित आणि इतिहासकार आपल्या देशाच्या काव्याचा वृत्तांत सांगताना म्हणतो की, अज्ञानाविरुद्ध जे थोर युद्ध त्या काळी आरंभले गेले त्यात सेव्ह, बेझ आणि पेलेत्ये हे कवी आघाडीवर होते. परंतु पास्किएच्या दृष्टीने हा केवळ अलंकार होता. पुढच्या कवींच्या आधी हे तिघे आले, एवढेच त्याला म्हणावयाचे होते, आणि लगेच दुसऱ्या श्वासात तो त्यांना साध्या भाषेत पूर्वसूरी म्हणून मोकळा होतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, 1794 साली, पूर्व पिरिनीज पर्वताच्या सरहद्दीवरील सैन्यासाठी याच नावाचे एक पत्र निघाले आणि शब्द छावणीतून राजकारणाच्या चव्हाट्यावर आला. तरीही कलावंताने स्वतःविषयी, प्रथमपुरुषी, ‘आम्ही अवाँ-गार्द आहोत’ असे म्हणण्यास 1825 हे साल उजाडावे लागले. आणि ते म्हटले तेही वस्तुतः कलावंताने नव्हे, एका गणितज्ञाने त्याच्या तोंडी घातले.

या प्रसंगाची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. काउंट द सँ-सिमाँ हा जुन्या फ्रेंच सरदार घराण्यातला पुरुष. तरुणपणी तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला, राज्यक्रांतीच्या काळात जमिनींच्या खरेदीविक्रीत त्याने पैसा केला, तो घालविला, आणि उत्तरायुष्यात दारिद्र्य व उपेक्षा यांनी ग्रासलेला असताना 1823 साली त्याने पिस्तूल झाडून आत्मघाताचा प्रयत्न केला, ज्यात प्राण वाचला पण एक डोळा गेला. उमराव, धर्मोपदेशक आणि सेनानी यांच्या हातातील सत्ता काढून ती उत्पादन करणाऱ्यांच्या, म्हणजे शास्त्रज्ञ, कारखानदार आणि कारागीर यांच्या हाती सोपविल्याशिवाय समाजाचा कारभार सुधारणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या अखेरच्या दिवसांत जी शिष्यमंडळी त्याच्याभोवती जमली त्यांत ओलँद रॉद्रीग हा बॉर्दो येथील ज्यू कुटुंबात जन्मलेला गणितज्ञ आणि पेढीचा व्यवहार पाहणारा गृहस्थ प्रमुख होता. 1825 सालच्या, सँ-सिमाँच्या नावाशी निगडित असलेल्या एका निबंधसंग्रहात कलावंत, शास्त्रज्ञ आणि उद्योगपती यांचा एक संवाद आहे, जो बहुतांश अभ्यासक या रॉद्रीगच्या लेखणीचा मानतात. त्या संवादात कलावंत आपल्या दोन सोबत्यांना असे आश्वासन देतो की, या कार्यात तुमची अवाँ-गार्द आम्ही होऊ, कारण कलेची शक्ती सर्वांत त्वरित पोहोचणारी आहे. नवे विचार लोकांत पसरवावयाचे तर ते आम्ही संगमरवरावर कोरू, पटावर रंगवू, गीतांतून आणि नाटकांतून जनतेच्या कल्पनेला आणि भावनेला हात घालू.

हे आश्वासन वाचून कलावंताचा केवढा हा गौरव, असे कोणासही वाटेल. आणि प्लेटोने ज्याला आपल्या आदर्श नगरातून हद्दपार केले होते त्याला येथे थेट मिरवणुकीच्या अग्रभागी नेऊन बसविले, हे खरेच आहे. परंतु किंचित बारकाईने पाहता या गौरवाला एक अट जोडलेली दिसते. कोणते विचार पसरवावयाचे, हे कलावंताने ठरवावयाचे नाही. मोहिमेचा आराखडा शास्त्रज्ञाने आखावयाचा, तिचा खर्च आणि बंदोबस्त उद्योगपतीने पाहावयाचा, आणि कलावंताने पुढे होऊन लोकांची मने तयार करावयाची. नगाऱ्याच्या हत्तीला स्वारीत अग्रस्थान असते, तथापि स्वारी कोठे जावी हे त्याला कोणी विचारीत नाही. सँ-सिमाँच्या मंडळींनी कलावंताला असे अग्रस्थान दिले. खुद्द रॉद्रीगच्या वाट्याला मात्र तेवढेही आले नाही. अवकाशातील परिभ्रमणांची जी बीजगणितीय मांडणी पुढे 1843 साली हॅमिल्टनच्या नावाने गाजली तिचा बहुतेक गाभा त्याने 1840 मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि त्याची दखल दीर्घकाळ कोणी घेतली नाही. खऱ्या अर्थाने फौजेच्या पुढे एकटे गेलेल्या माणसाचे असे होते.

सँ-सिमाँचे अनुयायी आणि त्यांचे प्रतिस्पर्धी फूर्येवादी या दोन्ही पंथांनी पुढील दोन दशके हा शब्द घोळविला. 1848 नंतर तो इतका सर्वतोमुखी झाला की बोदलेअरसारख्या कवीला त्याचा उबग आला. त्याने 1860 नंतरच्या आपल्या खासगी टिपणांत, जी त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली, फ्रेंच लोकांच्या लष्करी उपमांच्या हौसेवर सडकून टीका केली आहे. झुंजार कवी, आघाडीचे साहित्यिक, असल्या शब्दप्रयोगांची तो एक यादीच देतो आणि म्हणतो की ही भाषा झुंजार वृत्तीची नसून कवायतीला सरावलेल्या, म्हणजेच चारचौघांत मिसळल्यावाचून ज्यांना विचार करता येत नाही अशा मनांची निशाणी आहे. बोदलेअरचा स्वभाव तिरसट होता आणि या मजकुरात त्याने बेल्जियमच्या लोकांवर विनाकारण तोंडसुख घेतले आहे. पण शब्दाच्या पोटात दडलेला सेनापती त्याने सर्वांआधी ओळखला, याबद्दल त्याला श्रेय दिलेच पाहिजे.

इकडे चित्रकारांची लढाई तत्त्वचर्चेच्या मैदानात न होता एका सरकारी दालनाच्या दारात चालली होती. पॅरिसमधील सालोँ हे वार्षिक प्रदर्शन म्हणजे चित्रकाराच्या उपजीविकेचा राजमार्ग. तेथील परीक्षकमंडळाने चित्र नाकारले की गिऱ्हाईक पाठ फिरवी. 1855 मध्ये गुस्ताव्ह कूर्बे याची प्रचंड चित्रे जागतिक प्रदर्शनात नाकारली गेली तेव्हा त्याने समोरच स्वतःच्या खर्चाने मंडप उभारला; 1863 मध्ये नाकारलेल्या चित्रांची संख्या आणि चित्रकारांची ओरड इतकी वाढली की तिसऱ्या नेपोलियनने फर्मान काढून ‘नामंजूर चित्रांचे’ निराळे प्रदर्शन भरवावयास लावले, जेथे एद्वार माने याच्या वनभोजनाच्या चित्रापुढे लोक हसण्यासाठी गर्दी करीत. मानेचे ‘ऑलिम्पिया’ हे चित्र 1865 मध्ये सालोँत मांडले गेले आणि त्यावर इतका गहजब झाला की ते हलवून प्रेक्षकांच्या माथ्यावर, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगावे लागले. मानेच्या मृत्यूनंतर मोने याने वर्गणी गोळा करून ते 1890 मध्ये राष्ट्राला अर्पण केले, आणि 1907 मध्ये क्लेमाँसो पंतप्रधान असताना ते लूव्ह्रमध्ये दाखल झाले. म्हणजे बिनी जेथे 1865 मध्ये पोहोचली होती तेथे मुख्य फौज पोहोचण्यास 42 वर्षे लागली. आणि कलेच्या या मोहिमेत पुढच्या तुकडीचे व मागच्या सैन्याचे अंतर कोसांत न मोजता वर्षांत मोजावे लागते, याचे याहून चांगले प्रमाण मला ठाऊक नाही.

मानेचा मित्र तेओदोर द्यूरे याने 1885 मध्ये आपल्या कलाविषयक लेखांच्या संग्रहाला ‘अवाँ-गार्दची समीक्षा’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याच्या पुस्तकात मोने, रेनुआर, माने यांच्या बरोबरीने वाग्नर आणि शोपेनहाउअर हेही येतात. समाजसुधारणेच्या कोणत्याही आराखड्याशी या मंडळींची सांगड घालता येत नाही. शब्द येथे प्रथमच निव्वळ कलेतल्या नवतेपुरता वापरला जाऊ लागला. सेनापती गळून पडला, आणि फौज कधी येईल ते येईल, अशी वृत्ती उरली.

राजकारणाने मात्र आपला हक्क सोडला नव्हता. स्वित्झर्लंडच्या जुरा प्रांतातील घड्याळजींच्या वस्तीत 1877 ते 1878 या काळात अराज्यवाद्यांचे एक पत्र निघे, त्याचे नाव हेच. आणि 1902 साली लेनिनने आपल्या प्रसिद्ध पुस्तिकेत श्रमजीवी वर्गाची अवाँ-गार्द म्हणजे शिस्तबद्ध क्रांतिकारकांचा पक्ष, असे सूत्र मांडले. येथे पुन्हा सेनापती परतला. किंबहुना बिनी आणि सेनापती एकच झाले, जी गोष्ट कोणत्याही लष्करी ग्रंथात सांगितलेली नाही.

इटलीतील भविष्यवाद्यांनी तर अलंकार मोडून त्यातले मूळचे शस्त्र बाहेर काढले. मारिनेत्ती या कवीने 20 फेब्रुवारी 1909 रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या पत्राच्या पहिल्या पानावर जो जाहीरनामा प्रसिद्ध केला त्यात मोटारीच्या वेगाला प्राचीन शिल्पाहून सुंदर ठरविले होते, ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालये जमीनदोस्त करण्याची प्रतिज्ञा होती, आणि युद्ध हे जगाच्या शुद्धीचे साधन म्हणून गौरविले होते. सहा वर्षांनी इटली महायुद्धात उतरली. ही मंडळी बोलल्याप्रमाणे वागणारी होती. मारिनेत्ती, चित्रकार व शिल्पकार बोच्चोनी, वास्तुकार सांत’एलिया हे सारे लोंबार्डीच्या सायकलस्वार स्वयंसेवकांच्या पलटणीत दाखल झाले. ऑगस्ट 1916 मध्ये घोड्यावरून पडून बोच्चोनी गेला, आणि ऑक्टोबरमध्ये सांत’एलिया रणांगणावर पडला. त्याने कागदावर रेखाटलेली नवी नगरी, तिची उत्तुंग गृहे आणि बाहेरून जाणारी उद्वाहने यांसह, कागदावरच राहिली. मारिनेत्ती जगला, आणि पुढे मुसोलिनीने स्थापलेल्या शाही अकादमीचा सभासद झाला. संग्रहालये पाडू निघालेला कवी अकादमीच्या गणवेशात वावरू लागला.

त्याच युद्धात फ्रान्समध्ये उलट दिशेने एक देवाणघेवाण घडत होती. तोफा आणि गाड्या शत्रूच्या विमानांतून ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर विसंगत रंगांचे पट्टे ओढण्यासाठी लष्कराने चित्रकारांचे एक पथक उभारले, ज्याचा प्रमुख गिराँ द सेव्होला हा स्वतः संकेतनिष्ठ चित्रे काढणारा चित्रकार असूनही घनवादी चित्रकारांची क्लृप्ती आपण वापरली असे सांगत असे. पॅरिसच्या रस्त्यावर अशी रंगविलेली तोफ जाताना पाहून पिकासो ‘हे तर आपणच केलेले’ अशा अर्थाचे उद्गारला, ही आठवण गर्ट्रूड स्टाइनने नमूद केली आहे. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी लष्कराकडून उसना घेतलेला शब्द कलेने असा व्याजासह परत केला.

आणि 1916 च्याच फेब्रुवारीत, युद्धापासून अलिप्त राहिलेल्या झ्यूरिक शहरातील श्पीगेलगास या अरुंद गल्लीत, ह्यूगो बाल या जर्मन लेखकाने पहिल्या क्रमांकाच्या घरात ‘काबारे व्होल्तेर’ नावाची एक रंगशाळा उघडली. तेथे त्रिस्तान त्झारा, हान्स आर्प आणि निरनिराळ्या देशांतून सैन्यभरतीला चुकवून किंवा युद्धाला विटून आलेले तरुण रोज रात्री अर्थहीन अक्षरांच्या कविता म्हणत, एकाच वेळी तीन भाषांत ओरडत आणि पुठ्ठ्याचे पोषाख घालून नाचत. त्यांनी आपल्या या प्रकाराला ‘दादा’ हे नाव दिले. त्याच गल्लीत, थोडे वर, चौदाव्या क्रमांकाच्या घरात एका चांभाराच्या बिऱ्हाडात भाड्याच्या खोलीत लेनिन राहत होता आणि दिवसभर ग्रंथालयात बसून साम्राज्यशाहीवरील आपला ग्रंथ सिद्ध करीत होता. शब्दाचे दोन अर्थ याप्रमाणे एका गल्लीत शेजारी नांदले. एकाला पुढे जावयाचे होते, ते मागच्या फौजेला घेऊन आणि नकाशा हातात धरून; दुसऱ्यांचा फौज, नकाशा आणि पुढे जाणे या तिन्ही गोष्टींवरचा विश्वास उडालेला होता, आणि तरीही कलेच्या इतिहासाने पुढे अवाँ-गार्द म्हणून नाव घेतले ते प्रामुख्याने त्यांचेच.

रशियात क्रांती झाल्यावर काही वर्षे असे वाटले की हे दोन अर्थ एक होतील. मालेविच, टाटलिन, मेयरहोल्ड यांसारख्या कलावंतांना सरकारी संस्था, कलाशाळा आणि रंगमंच मिळाले. मुख्य फौज आपल्या मागोमाग येत आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली. 1932 च्या एप्रिलमध्ये पक्षाने हुकूम काढून सर्व स्वतंत्र साहित्यिक आणि कलाविषयक मंडळे विसर्जित केली. 1940 च्या फेब्रुवारीत मेयरहोल्डला गोळी घालण्यात आली. 1825 च्या संवादात कलावंताने जी अट न वाचता मान्य केली होती तिची वसुली ही अशी झाली.

जर्मनीत हिटलरच्या राजवटीने निराळी तऱ्हा केली. 19 जुलै 1937 रोजी म्यूनिकमध्ये ‘अधःपतित कला’ या नावाने सुमारे 650 कृतींचे प्रदर्शन भरविण्यात आले. संग्रहालयांतून जप्त केलेली ही चित्रे मुद्दाम दाटीवाटीने, वेडीवाकडी टांगून भिंतींवर कुचेष्टेचे मजकूर लिहिले होते. आदल्याच दिवशी जवळच्या भव्य नव्या इमारतीत सरकारमान्य जर्मन कलेचे प्रदर्शन उघडले होते. कुचेष्टेच्या प्रदर्शनाला वीस लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले, आणि सरकारमान्य कलेचे दालन त्या मानाने ओस पडले. आलेल्यांपैकी किती जण हसण्यासाठी आले आणि किती जण निरोप घेण्यासाठी, हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

या दमनाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मध्य युरोपातून परागंदा झालेल्या मंडळींपैकी व्हिएन्नाचा चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाला, रूडी फॉन लायडन त्याच पत्रात कलासमीक्षा लिहू लागला, आणि एमॅन्युएल श्लेझिंगर या व्यावसायिकाने चित्रांचा संग्रह आरंभिला. या तिघांच्या घरी आणि सहवासात ज्या तरुणांनी युरोपातील नव्या चित्रांच्या प्रतिकृती पाहिल्या आणि ज्यांची पहिली चित्रे या तिघांनी विकत घेतली किंवा वाखाणली, त्यांनीच 1947 मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला: गोव्याच्या साळगावचा आणि जे. जे. कलाशाळेतून काढून टाकलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा, मोटारी धुण्याचे काम केलेला आरा, सिनेमाचे फलक रंगविणारा हुसेन, आणि त्यांच्यासह रझा, गाडे व शिल्पकार बाकरे. आरंभी यांच्यातील काहींना डाव्या राजकारणाची ओढ होती. दोन वर्षांत सूझाने लिहून टाकले की जनतेशी कलेचा सेतू बांधण्याची ती भाषा आम्ही सोडली आहे. सँ-सिमाँपासून द्यूरेपर्यंतचा साठ वर्षांचा प्रवास मुंबईच्या या तुकडीने दोन पावसाळ्यांत उरकला.

त्याच 1947 च्या जूनमध्ये पॅरिस येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे सरकारी इतमामाने उद्घाटन झाले. पिकासो, माटीस, ब्राक यांची चित्रे आता शासनाच्या मालकीच्या भिंतींवर, क्रमांक घालून, पहारेकऱ्यांच्या देखरेखीखाली लागली, आणि राज्य व प्रतिभा यांची फारकत आजपासून संपली असे उद्घाटनाच्या वेळी अधिकाऱ्यांनी जाहीर केले. मुख्य फौज येऊन पोहोचली होती, आणि तिने आपल्याबरोबर तिकिटाची खिडकीही आणली होती. 1949 मध्ये सूझा लंडनला गेला, 1950 मध्ये रझा फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला रवाना झाला, बाकरेनेही इंग्लंडची वाट धरली; मुंबईच्या तुकडीतील निम्मे शिलेदार अशा रीतीने ज्या मुलखात येऊन उतरले तेथे सगळी ठाणी आधीच बसली होती, आणि त्यांच्यापैकी रझाला तर तेथील सरकारी कलाशाळेत नाव घालून पुन्हा पहिल्यापासून चित्र कसे रचावे हे शिकण्यास बसावे लागले.